ब्राउझर सारखा बंद पडतोय, म्हणजे कोणी आत शिरलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महिनाभर क्रोम दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडतोय, कधी एकच टॅब जातो तर कधी सगळी खिडकीच गायब होते. त्याच सुमारास क्रोममध्ये गंभीर सुरक्षा त्रुटी सापडल्याची बातमी तुमच्या वाचनात आली. हा त्रास एका अपडेटनंतर सुरू झाला असं वाटल्यामुळे तुम्ही अपडेटच बंद करून ठेवले आहेत. आणि आता तुम्ही विचारताय की संगणक हॅक झालाय का, आणि क्रोम सोडून दुसरा ब्राउझर घ्यावा का.

या सगळ्यात मला सर्वात जास्त खटकलं ते अपडेट बंद केल्याचं. ते आधी सुरू करा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आत्ता करा.

मी गेली तेरा वर्षं संगणक सुरक्षेचं काम करते. काही शे संगणक सांभाळायचे, त्यांवरचे ब्राउझर बंद पडले की क्रॅश रिपोर्ट उघडून कारण शोधायचं, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुमचा संगणक मी पाहिलेला नाही. विंडोज कोणतं, मेमरी (रॅम) किती, एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर कोणती, यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे नेमकं कारण इथून सांगता येणार नाही. पण क्रॅश आणि सुरक्षा त्रुटी या दोन गोष्टींची तुमच्या मनात जी सांगड बसली आहे, ती अर्धी बरोबर आणि अर्धी चूक आहे. ती सोडवल्याशिवाय पुढचे निर्णय नीट घेता येणार नाहीत.

बरोबर असलेला अर्धा भाग आधी. क्रोम, फायरफॉक्स, सफारी या सगळ्यांचा मोठा भाग सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत मेमरी मागून घेणं आणि काम झालं की परत करणं ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. ब्राउझरमध्ये लाखो ओळींचा कोड आहे, चूक होतेच. क्रोमियम म्हणजे क्रोम ज्यावर बांधलेला आहे तो खुला प्रकल्प. त्याच्या लोकांनी २०१५ पासून स्थिर आवृत्तीत सापडलेल्या ९१२ गंभीर आणि अतिगंभीर सुरक्षा त्रुटी तपासल्या, तेव्हा त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या निघाल्या. आणि त्यांच्यातल्या निम्म्या एकाच जातीच्या होत्या: परत केलेली मेमरी पुन्हा वापरणं.

ही जात समजली की बाकीचं सोपं जातं. समजा, तुम्ही भाड्याची खोली सोडलीत, चावी मालकाला दिलीत, पण एक जोडचावी खिशातच राहिली. काही दिवसांनी सवयीने तुम्ही तेच दार उघडून आत पाऊल टाकता. तोवर खोली पाडलेली असेल तर तुम्ही थेट खाली पडाल. हा झाला क्रॅश. पण कोणी तुमची वाटच बघत असेल, आणि त्याने मधल्या वेळात ती खोली भाड्याने घेऊन हुबेहूब तुमच्यासारखी मांडून ठेवली असेल तर? तुम्ही बिनधास्त आत जाल आणि त्याने ठेवलेल्या वस्तू आपल्याच समजून वापराल. हे झालं भगदाड. चूक दोन्हीकडे एकच, जोडचावी परत न देण्याची. पहिल्यात तुम्हाला कळतं, दुसऱ्यात कळत नाही.

आणि चूक असलेला अर्धा भाग नेमका इथेच आहे. ज्याला तुमच्या संगणकात शिरायचंय त्याला आवाज नको असतो. ब्राउझर बंद पडला तर त्याचा प्रयत्न फसलेला असतो. म्हणून रोज दोन-तीनदा, वेगवेगळ्या पानांवर, महिनाभर बंद पडणारा ब्राउझर पाहिला की माझ्या डोक्यात हल्ल्याचा विचार बराच उशिरा येतो.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम बंद पाडणारा एक छोटासा वेबपत्ता सापडला होता. त्याच्या शेवटी फक्त एवढं होतं: %%३०%३०. वेबपत्त्यात टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन आकडे आले की त्याचा अर्थ एक अक्षर असा होतो, आणि टक्का-तीस म्हणजे शून्य हा आकडा. त्यामुळे हा मजकूर एकदा उलगडला की टक्का-शून्य-शून्य असा उरतो, आणि ते होतं रिकामं, अवैध अक्षर. एका ठिकाणी क्रोमने पत्ता वैध मानून पुढे पाठवला, दुसऱ्या ठिकाणी तोच अवैध निघाला, आणि अशा विसंगतीत पुढे जाण्यापेक्षा थांबलेलं बरं म्हणून प्रोग्राम स्वतःहून थांबला. त्या लिंकवर क्लिकही करायला नको होतं, माउस नुसता वरून नेला तरी पुरत होतं. किती भयंकर वाटतं! पण कोणाचीही फाइल, पासवर्ड, काहीच त्यातून जाऊ शकत नव्हतं. क्रोमियमच्या नियमांत नुसतं बंद पाडणं ही सुरक्षा त्रुटी धरत नाहीत, आणि शोधणाऱ्याला त्याबद्दल बक्षीसही मिळालं नाही.

आता २०१९ चं बघा. क्रोममध्ये फाइलरीडर नावाचा भाग आहे, पानाला फाइल वाचून देणारा. वाचन चालू असताना पान त्याच्याकडे 'आतापर्यंत झालं तेवढं दे' असं मागू शकतं. अगदी शेवटच्या टप्प्यावर मागितलं, की हा तात्पुरता निकाल आणि अंतिम निकाल या दोन्हींच्या मागे मेमरीचा एकच तुकडा असायचा. हल्लेखोराचं पान त्यातला एक निकाल वेब वर्करकडे, म्हणजे पानाच्या मागे वेगळ्याने चालणाऱ्या कोडकडे सोपवायचं, तिथे तो तुकडा मोकळा व्हायचा, आणि दुसरा निकाल मात्र पानाच्या हातात राहायचा. म्हणजे जोडचावी तयार. दुरुस्ती ऐकायला अगदी किरकोळ आहे: वाचन पूर्ण होण्याआधी मागितलं तर मूळ तुकडा न देता त्याची प्रत द्यायची. ती दुरुस्ती १ मार्च २०१९ ला ७२.०.३६२६.१२१ या आवृत्तीत आली. त्याआधीच हल्लेखोर ही त्रुटी विंडोज ७ मधल्या दुसऱ्या एका त्रुटीला जोडून वापरत होते. ज्यांच्यावर ती यशस्वी झाली त्यांच्या पडद्यावर काहीही विचित्र दिसायचं कारण नव्हतं.

दुसरी त्रुटी का जोडावी लागली, हेही सांगते, कारण तुमच्या टॅब जाण्याशी त्याचा संबंध आहे. २००८ मध्ये क्रोम आला तोच ही रचना घेऊन: प्रत्येक पान वेगळ्या प्रक्रियेत (प्रोसेसमध्ये), म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवायचं आणि त्या प्रक्रियेला कुंपणात ठेवायचं. या कुंपणाला सँडबॉक्स म्हणतात. आतल्या कोडला तुमच्या फाइली थेट उघडता येत नाहीत, दुसरा प्रोग्राम सुरू करता येत नाही. त्यामुळे एक पान बिघडलं तर एकच टॅब जातो, बाकीचे चालू राहतात. आणि एखाद्या पानाने त्या प्रक्रियेचा ताबा घेतलाच, तरी त्याला अजून कुंपण ओलांडायचं असतं. म्हणून एकेक टॅब जात असेल तर मी प्रथम पानाकडे, एक्स्टेन्शनकडे आणि मेमरीकडे बघते. सगळी खिडकी एकदम जात असेल तर कारण खोलवर असतं: ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), ब्राउझरमध्ये घुसलेलं दुसरं सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर. तुमच्याकडे दोन्ही होतंय, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

क्रॅश पाहून मी हल्ल्याचा विचार कधीच करत नाही असं मात्र नाही. फसलेला हल्ला क्रॅशसारखाच दिसतो. कोणी अनोळखी माणसाने पाठवलेली ठराविक लिंक उघडली की दर वेळी तिथेच बंद पडतं, आणि तुमचं काम पत्रकारिता, वकिली, चळवळ किंवा मोठ्या व्यवहारांशी संबंधित आहे, अशा वेळी मी तो संगणक ताबडतोब नेटवरून काढते, काहीही पुसत नाही आणि रिपोर्ट जपून ठेवते. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

आता अपडेटकडे. अपडेटनंतर त्रास सुरू झाला म्हणजे अपडेटमुळेच झाला, हा निष्कर्ष मीही पूर्वी पटकन काढायचे. जानेवारी २०२२ चा प्रसंग त्या बाबतीत डोळे उघडणारा होता. फायरफॉक्सची ९६ वी आवृत्ती ११ तारखेला आली आणि १३ तारखेला जगभर फायरफॉक्स गोठला, पानंच उघडेनात. साहजिकच सगळ्यांचं बोट नव्या आवृत्तीकडे. प्रत्यक्षात एका क्लाउड सेवेने आपल्या सर्व्हरवर एचटीटीपी-३ (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीची नवी पद्धत) आपोआप चालू केलं होतं, आणि फायरफॉक्सच्या त्या भागात एक जुनी चूक दडून बसली होती. विनंतीसोबत मजकुराची लांबी सांगणारं एक शीर्षक जातं. ते शोधताना कोड कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत होता. ते स्मॉल अक्षरांत आलं, कोडला सापडलं नाही, आणि प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. जवळजवळ दोन तास हे चाललं. वापरणाऱ्यांच्या संगणकावर त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं.

अपडेट थांबवण्यात खरा धोका काय, तेही समजून घ्या. क्रोमियमचा कोड सर्वांना खुला आहे. त्रुटी दुरुस्त झाली की ती दुरुस्ती आधी त्या खुल्या कोडमध्ये पडते आणि नंतर तुमच्यापर्यंत पोहोचते. मधल्या काळात कोणीही तो बदल वाचून 'अच्छा, भगदाड इथे होतं तर' हे ओळखू शकतो. हे अंतर एके काळी सरासरी ३५ दिवसांचं होतं, मग ते साधारण १५ वर आणलं, आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येऊ लागले, ते याचसाठी. अपडेटसोबतच्या सूचनेत एक वाक्य हमखास असतं, की बहुतेकांपर्यंत दुरुस्ती पोहोचेपर्यंत त्रुटीचा तपशील राखून ठेवला जाईल. याचा उलटा अर्थ काढा: बहुतेकांपर्यंत पोहोचली की तो तपशील खुला होणार, आणि तेव्हा तुम्ही अजून जुन्या आवृत्तीवर असाल. त्या सूचनेत 'या त्रुटीचा प्रत्यक्ष वापर होत असल्याची गूगलला कल्पना आहे' अशा अर्थाची ओळ दिसली, तर मी त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवते.

नुसतं अपडेट सुरू करूनही भागत नाही. मी सांभाळते त्या संगणकांवर सर्वात जास्त आढळणारी चूक हीच आहे: अपडेट उतरलेलं असतं, पण ब्राउझर तीन आठवडे बंदच केलेला नसतो. नवा कोड डिस्कवर तयार, चालतोय मात्र जुनाच. २०१९ च्या त्या प्रसंगी क्रोमच्या सुरक्षा विभागाचे जस्टिन शू यांनी हेच कळकळीने सांगितलं होतं. पूर्वीचे हल्ले फ्लॅशसारख्या प्लगइनवर असायचे, ती दुरुस्ती गुपचूप लागू होत असे. हा हल्ला क्रोमच्या स्वतःच्या कोडवर असल्यामुळे ब्राउझर बंद करून पुन्हा उघडणं भागच होतं. लॅपटॉपचं झाकण लावणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे. तीन टिंबांच्या मेनूत हेल्प, त्यात अबाउट गूगल क्रोम उघडा. तिथे आवृत्ती दिसेल, बाकी असेल तर अपडेट उतरेल, आणि मग रीलाँच दाबा. तिथेच 'तुमच्या विंडोजवर पुढचे अपडेट मिळणार नाहीत' असं दिसलं तर प्रश्न वेगळा आहे. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती. तिच्यावर काम चालू ठेवण्यापेक्षा विंडोज बदला, ब्राउझर बदलून काही होणार नाही.

दुसरा ब्राउझर घ्यावा का, याचं उत्तर मी सप्टेंबर २०२३ च्या एका गोष्टीवरून देते. वेबपी या चित्रप्रकाराची फाइल उलगडणाऱ्या लहानशा लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम आयता वापरतात अशा कोडमध्ये, त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र नुसतं दिसलं तरी मेमरीची हद्द ओलांडली जायची. क्रोमने ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, फायरफॉक्सला लगेच दुसऱ्या दिवशी द्यावी लागली, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरलाही तेच करावं लागलं, आणि आतून क्रोमियम वापरणारी कितीतरी चॅट आणि ऑफिसची सॉफ्टवेअर त्यानंतर दुरुस्त होत राहिली. सगळ्यांच्या घरात एकच वीट होती. त्रुटी नसलेला ब्राउझर नाही. त्यामुळे मी ब्राउझर निवडताना त्यात किती त्रुटी सापडल्या हे मोजत नाही, दुरुस्ती किती दिवसांत पोहोचते ते बघते. तुम्हाला फायरफॉक्स आवडत असेल तर जरूर वापरा. पण क्रॅशचं कारण हार्डवेअरमध्ये असेल, तर ते तिकडेही तुमच्या मागे येईल.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा. टॅब जातो तेव्हा 'ऑ, स्नॅप' असं पान येतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत एक कोड असतो. लोक तो न वाचताच रीलोड दाबतात. पुढच्या वेळी तो लिहून ठेवा. 'आउट ऑफ मेमरी' असेल तर टॅब जास्त आणि मेमरी कमी, एवढंच. सेटिंग्जच्या परफॉर्मन्स भागातलं मेमरी सेव्हर चालू करा. 'स्टेटस ब्रेकपॉइंट' म्हणजे बहुतेक वेळा ब्राउझरने आतली विसंगती ओळखून स्वतःहून थांबणं पसंत केलं, वरच्या २०१५ च्या उदाहरणासारखं. 'स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन' म्हणजे नसलेल्या किंवा परवानगी नसलेल्या मेमरीला हात लागला. हा कोड वारंवार येत असेल तर मी बाहेरच्या घुसखोर सॉफ्टवेअरचा आणि हार्डवेअरचा संशय धरते.

मग एकेक गोष्ट बाजूला करत जायचं. एक दिवस सगळी एक्स्टेन्शन बंद ठेवून काम करा. फरक पडला नाही तर क्रोममध्ये नवीन प्रोफाइल (सगळ्या सेटिंग्ज कोऱ्या असलेलं वेगळं खातं) बनवून त्यात एक दिवस. मग सेटिंग्जच्या सिस्टिम भागातलं ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद करून एक दिवस. दोन गोष्टी एकाच वेळी बदलू नका, नाहीतर बरं कशाने झालं हे कधीच कळत नाही. एवढ्याने भागलं नाही तर स्वतःचा कोड ब्राउझरमध्ये घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळा: अँटिव्हायरस, स्क्रीन रेकॉर्डर, कीबोर्डचे प्रोग्राम. क्रोमच्या लोकांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की, विंडोजवर अशी घुसखोरी असलेल्यांचा क्रोम बंद पडण्याची शक्यता १५ टक्के जास्त असते. संरक्षणासाठी घेतलेल्या अँटिव्हायरसनेच ब्राउझर पाडलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. तो काढायचा असेल तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू असल्याची खात्री करूनच काढा.

एक संगणक मला कायम आठवतो. तक्रार अगदी तुमच्यासारखी: कधी टॅब, कधी खिडकी, ठराविक असं पानच नाही. एक्स्टेन्शन काढली, प्रोफाइल बदललं, ब्राउझर बदलला, तरी तेच. शेवटी मी आठ-दहा क्रॅश रिपोर्ट एकाखाली एक लावले. प्रत्येक वेळी क्रॅश कोडच्या वेगळ्याच जागी झालेला. ब्राउझरची चूक असेल तर असं सहसा होत नाही, ती त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा अडखळते. आणि मेमरीतल्या ज्या पत्त्यांवर तो कोसळला होता त्यांतले बरेच पत्ते असायला हवे होते त्यापेक्षा फक्त एका बिटाने, म्हणजे एका शून्य-एकच्या फरकाने, वेगळे होते, तेही दर वेळी त्याच स्थानावरच्या बिटाने. रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली, सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. एक रॅमची पट्टी बदलली आणि क्रॅश थांबले. ती व्यक्ती सहा महिने स्वतःला हॅक झालेली समजत होती, दर आठवड्याला पासवर्ड बदलत होती. ब्राउझर खूप मेमरी वापरतो, म्हणून खराब रॅम सर्वात आधी त्याच्यातच दिसते. तुमच्याकडे टॅब आणि खिडकी दोन्ही जातात, ठराविक पान नाही, म्हणून हे वाचल्यापासून माझ्या मनात तो संगणक आहे. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक लावून बघा, आणि त्यात काही सापडलं नाही तरी एक रात्र मेमटेस्ट-८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवा. प्रोसेसर इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डचं बायोसही (संगणक सुरू करणारं त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. त्यातल्या काही प्रोसेसरांत अस्थिरता असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य करून दुरुस्ती दिली आहे, आणि ती बायोसमधून येते.

आणखी एक, यात मात्र खरोखर फसायला होतं. ब्राउझर बंद पडून पुन्हा उघडल्यावर एखादं पान म्हणालं की 'त्रुटी आली आहे, दुरुस्तीसाठी विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर', तर ते पान तिथेच बंद करा. त्याने गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. मग सँडबॉक्स नाही, अपडेट नाही, काहीच आड येत नाही. पडद्यावर फोन नंबर देऊन 'ताबडतोब संपर्क करा' म्हणणारी पानंही तशीच. ब्राउझरचा खरा क्रॅश तुम्हाला कधीही काही पेस्ट करायला किंवा फोन करायला सांगत नाही. गेल्या महिन्यात असं काही केलं असेल, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा: तो संगणक नेटवरून काढा, दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, आणि विंडोज नव्याने टाका.

तेव्हा आज अपडेट आणि रीलाँच, आज रात्री मेमरीची चाचणी, उद्यापासून एक्स्टेन्शन बंद. पुढच्या दोन-तीन क्रॅशचे कोड, क्रोमची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती आणि मेमरी किती आहे एवढं लिहून कळवा. चाचणीत एक जरी लाल ओळ आली तर बाकी काही करत बसू नका, आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. खराब रॅम ब्राउझरपुरती थांबत नाही, सेव्ह होणाऱ्या फाइलीही बिघडवते.